बोक्याची लघवी: रात्रीच धावायचं की सकाळी गेलं तरी चालेल?

मांजर सारखं लिटर बॉक्समध्ये नाहीतर मोरीत जाऊन बसतंय, जोर करतंय, ओरडतंय. घरात पहिला तर्क निघतो बद्धकोष्ठाचा आणि एरंडेलाची बाटली शोधली जाते. ती राहू द्या. आधी लघवी होतेय का ते बघा.

थोडी थोडी का होईना पण होतेय, फरशीवर गुलाबी ठिपके दिसतायत, मांजर खातंय: मूत्राशयाला सूज आहे, पण वाट मोकळी आहे. सकाळी दवाखान्यात नेलं तरी चालेल.

बोका आहे आणि काहीच होत नाहीये, किंवा कसाबसा एखादा थेंब गळतोय: अडलंय असंच धरा आणि लगेच निघा. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाशी फार अरुंद असतो. बारीक खडे आणि चिकट स्राव मिळून तिथे बूच बसतं. भाटीचा मार्ग आखूड आणि रुंद, त्यामुळे तिचं क्वचितच अडतं. मागच्या पायांपुढे पोटाला हलका हात लावला तर लिंबाएवढा किंवा त्याहून मोठा टणक गोळा लागतो. दाबू मात्र नका, मूत्राशय फुटू शकतं. लघवी तुंबली की रक्तातलं पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि दोन-तीन दिवसांत जीव जातो. उलट्या सुरू झाल्या, अंग गार पडलं, म्हणजे आधीच उशीर झालाय. निघण्यापूर्वी फोन करून ‘रात्री कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घालता का?’ एवढं विचारा. नाहीतर दारातून परत यावं लागतं. भूल, कॅथेटर, सलाईन आणि बहुधा दोन-तीन दिवस मुक्काम, असा हा उपचार आहे.

धण्याचं किंवा बार्लीचं पाणी अशा वेळी पाजणं म्हणजे तुडुंब पिशवीत आणखी भर. आणि माणसाची पॅरासिटामॉल कधीच नाही, ती मांजराला विष आहे.

वाट मोकळी असेल तर पुढचा प्रश्न अँटिबायोटिकचा. दहा वर्षांच्या आतल्या मांजरात जंतुसंसर्ग क्वचितच निघतो. बहुतेकदा ठोस कारण सापडत नाही, ताणाचा मात्र मोठा वाटा असतो: बदललेलं घर, नवं मांजर, दिवाळीतले फटाके. हा त्रास बरेचदा आठवड्याभरात आपोआप ओसरतो; तोवर डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक हवं. म्हातारं, मधुमेही किंवा किडनीचं दुखणं असलेलं मांजर असेल तर गोष्ट वेगळी. तिथे लघवीचं कल्चर (कोणते जंतू वाढतात ते बघायची तपासणी) करूनच औषध ठरवावं.

खडा निघाला तर पथ्य की ऑपरेशन? स्ट्रुव्हाइट खडा खास आहाराने काही आठवड्यांत विरघळतो. कॅल्शियम ऑक्झलेट विरघळत नाही, तो काढावाच लागतो. तरुण मांजर आणि स्ट्रुव्हाइटची शक्यता जास्त असेल तर मी आधी पथ्य करून बघेन, पण एक्स-रेने खडा घटतोय याची खात्री करत. पथ्य म्हणजे फक्त तेच खाणं. शेजारच्या काकूंची सुकट बंद!

पुन्हा होऊ नये म्हणून पैसे औषधी थेंबांच्या बाटल्यांपेक्षा ओल्या खाण्यावर घालवा. पाउचमध्ये तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी असतं, कोरड्या दाण्यांत जेमतेम दहा टक्के. पाउच रोज परवडत नसेल तर खाण्यात कोमट पाणी कालवा, आणि दोन मांजरं असतील तर लिटर बॉक्स तीन ठेवा.