नमुना एक दाखवला, माल दुसराच दिला: पोरांच्या कॅम्पचे तंबू घेताना आमची झालेली फसवणूक

नागपुरात किंवा आसपास कोणी पोरांना घेऊन कॅम्पला जात असाल, शाळा असो, मंडळ असो नाहीतर वस्तीतला ग्रुप असो, अन् तंबू विकत घ्यायचा विचार चालू असेल तर पैसे द्यायच्या आधी हे पूर्ण वाचा. आमचे ५७ हजार गेलेत. आणि ते माझ्या एकटीचे नव्हते, त्यातले निम्म्याहून जास्त पोरांनी रद्दी गोळा करून जमवलेले होते.

आम्ही मानेवाडा भागात राहतो. नऊ वर्षांपासून आठवी ते बारावीच्या पोरापोरींना रविवारी सकाळी मैदानावर आणतो, आणि हिवाळ्यात एक मोठा कॅम्प करतो, कधी रामटेकला, कधी खिंडसी तलावाच्या बाजूला, एकदा चिखलदऱ्याला पण नेलं होतं. छत्तीसेक पोरं असतात. दरवेळी तंबू भाड्याने आणायचो, पण डिसेंबर-जानेवारीत भाड्याने मिळणं कठीण, मिळाले तर कोणाची चेन तुटलेली, कोणाला बुरशीचा वास. म्हणून ठरवलं की आता स्वतःचे घ्यायचे. दोन वर्षं पोरांनी फ्लॅट स्कीममध्ये दारोदार जाऊन पेपरची रद्दी आणली, आमच्या चौकातल्या रद्दीवाल्या दादांनी किलोमागे एक रुपया जास्तच दिला पोरांसाठी, उरलेले पालकांनी टाकले. एकेक रुपयाचा हिशोब वहीत आहे.

मी काही न पाहता गेले नव्हते हे आधी सांगते, कारण फसलं की सगळे म्हणतात "काहून नाही पाहिलं नीट". पाहिलं होतं. आठ जणांचा तंबू म्हणजे आठ जण कुशीवर वळता येणार नाही असे झोपतात, कंपन्या एका माणसाला साठेक सेंटीमीटर रुंदी धरतात, बॅगा बाहेर ठेवायच्या का मग? म्हणून सहा पोरांना आठाचा तंबू, असे सहा तंबू. कापड दोन थरांचं पाहिजे, म्हणजे आतला जाळीचा वेगळा अन् वरचं कव्हर वेगळं, कारण आपल्याकडे थंडीत दव जबरदस्त पडतं, त्यात सहा जणांचा श्वास, एकेरी कापडाच्या तंबूत पहाटे आतूनच पाणी ठिबकतं अन् पोरांना वाटतं पाऊस आला. खालचा तळ बाजूने वर वळलेला पाहिजे. दांड्या जाड पाहिजेत. एवढं सगळं लिहून नेलं होतं.

दुकान शहरातलंच, बाजारपेठेतलं, ताडपत्री, दोरी, सामानाच्या बॅगा असं विकणारं. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. मालक बोलायला एकदम गोड. "ताई, तुम्ही पोरांसाठी घेऊन राहिल्या, तुमच्याकडून मी काय नफा घेऊ", असं म्हणून त्याने तेरा हजारांचा भाव साडेनऊ केला. गच्चीवर तंबू उभा करून दाखवला. मी आत शिरले, वरचं कव्हर उलटं करून शिवणी पाहिल्या, प्रत्येक शिवणीवर पारदर्शक पट्टी चिकटवलेली होती. कापडाला तोंड लावून जोरात फुंकलं, हवा पार गेली नाही, म्हणजे आतून कोटिंग आहे. पिशवीवर स्टिकर होतं, ३००० एमएम. याचा अर्थ कापडावर तीन मीटर उंच पाण्याचा खांब उभा केला तरी ते दाब सोसेल. साध्या पावसाला दीड हजारसुद्धा चालतं, तीन हजार म्हणजे चांगलंच. मी व्हिडिओ पण काढला, आणि तो काढला हे फार बरं झालं.

अर्धे पैसे आगाऊ मागितले, माल बाहेरून मागवावा लागतो म्हणे. ते यूपीआयने दिले, नाव दुकानाचं नाही तर कोणा माणसाचं आलं, मी विचारलं तर "मुलाचं खातं आहे". उरलेले माल आल्यावर कॅश. पक्कं बिल पाहिजे तर वरून जीएसटी लागेल म्हणाला, म्हणून मी कच्च्या चिठ्ठीवर हो म्हटलं. पोरांचे पैसे वाचतील एवढंच डोक्यात होतं. इथेच माझं चुकलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं "टेंट ६ नग". बस. कोणता टेंट, किती थर, काही नाही.

माल आला गुरुवारी रात्री साडेआठला. शनिवारी सकाळी आमची बस निघणार होती. आधी दोनदा तारीख पुढे ढकलली होती, तेव्हा मला यात काही वाटलं नाही, आता कळते की घाईच्या वेळी माल टाकायचा हाच तर त्यांचा डाव असतो. टेम्पोवाला गाडी चालू ठेवूनच उभा. सहा पिशव्या, सगळ्या सारख्या, सगळ्यांवर तेच स्टिकर, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेल्या. मी म्हटलं एक तरी उघडून बघते, तर त्याने स्वतःच वरची एक पिशवी उचलून पुढे केली. मी हॉलमध्ये उघडली, कापड तेच, शिवणीवर पट्टी तीच. पैसे दिले.

तो गच्चीवरचा नमुनाच होता. बाकी पाच वेगळे होते.

हे कळलं खिंडसीला, शनिवारी दुपारी. आम्ही धानाच्या बांधीत कधीच तंबू लावत नाही, तिथे पाणी साचतं, म्हणून तलावापासून दूर, वरच्या मुरमाड जागेवर मालकाला विचारून लावायला घेतलं. पहिला झाला मस्त. दुसरा उघडला तर वरचं कव्हरच नाही, फक्त शेंड्यावर टोपीएवढा तुकडा. तिसरा तसाच. तेव्हाच पोटात गोळा आला पण छत्तीस पोरं समोर, काय बोलणार. दांड्या फायबरच्या, त्या नमुन्यातपण फायबरच्याच होत्या, पण या हातात घेतल्या की लवलवत होत्या. खुंट्या म्हणजे जाड तारच, मुरमात दोन ठोके मारले की वाकल्या. संध्याकाळी वारा सुटला अन् चौथ्या तंबूची दांडी सांध्यावर फाटली, तुटली नाही, उभी चिरली, जशी ओल्या बांबूची काडी चिरते तशी. नववीतल्या एका पोराने ती धरली अन् तळहातात बारीक बारीक काचेसारखे धागे घुसले. दिसत नाहीत ते, फक्त चुरचुरतं. चोळू नका अशा वेळी, चोळलं की आत जातात. आम्ही बॅटरीच्या उजेडात चिकटपट्टी दाबून दाबून काढले, पाऊण तास लागला, तो पोरगा ओठ दाबून बसला होता, एकदाही ओरडला नाही.

आणि रात्री दीडला पाऊस. फेब्रुवारी होता, विदर्भात फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी येतो हे आपल्याला माहीत असते, गारपीट पण होते, म्हणून तर ३००० एमएमचं कापड घेतलं होतं. मी टॉर्च मारली तर शिवणीच्या प्रत्येक टाक्यातून एकेक थेंब बाहेर आलेला, अगदी ओळीने. दहा मिनिटांत तळाला पाणी, अंथरुणं भिजली, दोन तंबू खाली बसले. सगळ्यांना उठवलं, मोजलं, परत मोजलं, ज्या एका तंबूत पाणी नव्हतं तिथे अकरा मुली कोंबल्या आणि बाकीच्यांना घेऊन जवळच्या शाळेच्या व्हरांड्यात गेलो. कोणाला काही झालं नाही. पण तासभर थंडीत कुडकुडणाऱ्या पोरांना पाहून मला जे वाटलं ते पैशाचं नव्हतं. विजा असत्या, झाड असतं, वारा अजून असता तर? त्या दुकानदाराला माहीत होतं की यात पोरं झोपणार आहेत. मी त्याला दहा वेळा सांगितलं होतं.

घरी आल्यावर सगळे तंबू मैदानात वाळवायला टाकले, तेव्हा एकीचं लक्ष गेलं की भिजलेल्या पिशवीवरचं स्टिकर एका कोपऱ्यातून सुटलंय. ओढलं तर खाली दुसरं छापील लेबल. इंग्रजीत लिहिलेलं, उन्हापासून सावलीसाठी, पावसात वापरू नये. पाचही पिशव्यांवर तेच. मग पोरांना सुचलं म्हणून पिशव्या रद्दीवाल्या दादांच्या काट्यावर नेल्या. नमुन्याचा तंबू ९ किलो २००, बाकीचे सगळे साडेपाच किलोच्या आत. आयटीआयला जाणारा आमचा एक जुना मुलगा जाडी मोजायचं वर्निअर घेऊन आला, नमुन्याची दांडी ११ एमएम, बाकीच्यांची आठला पण कमी. म्हणजे त्या रात्री टेम्पोजवळ मी सहा पिशव्या नुसत्या हातात उचलून पाहिल्या असत्या ना, तरी कळलं असतं. दीडपटीहून जास्त फरक हाताला लागतो.

दुकानदार काय म्हणाला असेल? पहिल्या दिवशी, "ताई, तंबूला आधी दोन-तीन पाणी द्यावे लागते, मग शिवण बसते". हे कॅनव्हासला खरं आहे, सुती धागा भिजला की फुगतो अन् सुईची भोकं बुजतात, म्हणून नवा कॅनव्हास तंबू आधी भिजवून वाळवतात. पॉलिस्टरचा धागा तसा फुगत नाही, तिथे पट्टी नसेल तर पाणी येणारच. म्हणजे बघा, अर्धं खरं सांगून माणूस कसा गुंडाळतात. दुसऱ्या दिवशी म्हणाला तुम्हाला लावता आले नाहीत. तिसऱ्या वेळी मी व्हिडिओ दाखवला तर आवाज चढला, "माझ्याकडचा माल आहे हे सिद्ध करा". फार झालं तेव्हा एक बिल लिहून दिलं, त्यावरचा जीएसटी नंबर मी मोजला तर चौदाच अक्षरं. हा नंबर पंधरा अक्षरांचा असतो, महाराष्ट्राचा असेल तर २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या पोर्टलवर टाकला की कोणाचा आहे, चालू आहे की रद्द, फुकटात दिसतं. पैसे द्यायच्या आधी दोन मिनिटांचं काम होतं ते.

मग मी १९१५ ला फोन लावला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं, तक्रारीचा नंबर मिळतो. त्यांनी दुकानदाराशी संपर्क केला, त्याने उत्तरच दिलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. लोक घाबरवतात की वकील लागेल, फी लागेल, तर ऐका, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील केलाच पाहिजे असंही नाही, तक्रार ऑनलाइन टाकता येते, फक्त घटनेपासून दोन वर्षांच्या आत टाका. माझ्याकडे पुरावा काय, तर यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं त्याचं "सेम पीस मिळेल" हे वाक्य, गच्चीवरचा व्हिडिओ, आणि ते स्टिकर. कॅश दिलेल्या साडेअठ्ठावीस हजारांचा कागद नाही, त्यासाठी भांडावं लागणार आहे.

तुम्ही घेणार असाल तर स्वस्त घेऊ नका असं मी म्हणणार नाही, आपल्या सगळ्यांचं बजेट तेवढंच असते. एक तंबू आधी घ्या, पक्कं बिल घेऊन, त्यात एक रात्र झोपा, अंगणात पाइप लावून अर्धा तास पाणी मारा, मग बाकीची ऑर्डर द्या. बिलावर मॉडेल, थर, दांडीची जाडी, वजन लिहून घ्या, लिहायला नाही म्हणाला तर तिथून उठा. आलेली प्रत्येक पिशवी उघडा, प्रत्येक, समोरच्याने पुढे केलेली एक नाही. कॅम्पच्या निदान पंधरा दिवस आधी माल हातात पाहिजे, नाहीतर पाहूनसुद्धा परत करता येत नाही. आणि चांगला मिळाला तर ओला गुंडाळून ठेवू नका हो, आतलं कोटिंग चिकट होऊन सुटतं अन् चार वर्षं चालणारा तंबू दीड वर्षात जातो.

पोरांनी परत रद्दी सुरू केली आहे. मागच्या महिन्यात दोन तंबू घेतले, दुसरीकडून, बिलासकट, आणि पैसे द्यायच्या आधी चार पोरं ते उचलून दादांच्या काट्यावर घेऊन गेली, दुकानदार सोबत आला बिचारा, काही बोलला नाही. ते जुने पाच तंबू माझ्या घरच्या माळ्यावर आहेत, स्टिकर लागलेले तसेच. घरचे म्हणतात भंगारात दे, पण तारीख लागेपर्यंत मी त्यांना हात लावू देणार नाही.