ग्रुप शो लावायचाय, क्युरेटर आपल्यातलाच चित्रकार घ्यावा की बाहेरचा?

कोल्हापुरात शाहू स्मारकची गॅलरी बुक झाली की पहिला वाद ठरलेला, लावणार कोण, म्हणजे कुठली चित्रं घ्यायची आणि कुठं टांगायची हे ठरवणारा क्युरेटर कोण. परवा दोन पोरांनी हेच विचारलं, ग्रुपमधल्याच कुणाकडं क्युरेशन द्यायचं का पुण्या-मुंबईहून कुणाला आणायचं, म्हटलं दोन्ही भोगलंय तर लिहूनच टाकू.

चित्रकारानं क्युरेशन करणं म्हणजे हौशी काम, असं आपल्याकडं अजून बरेच जण समजतात. अरे, कोचीचं बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, २०१२ ला सुरू केलं तेच बोस कृष्णमाचारी आणि रियाज कोमू या दोन कलाकारांनी, त्यानंतरचे क्युरेटर २०१४ ला जितीश कल्लाट, २०१६ ला सुदर्शन शेट्टी, २०१८ ला अनिता दुबे, सगळी स्वतः काम करणारी माणसं. त्याच्या कितीतरी आधी, १९८२ ला भोपाळच्या भारत भवन या कलाकेंद्रात चित्रकार जे. स्वामीनाथननी आदिवासींची चित्रं मॉडर्न आर्टच्या बरोबरीनं मांडली, गोंड चित्रकार जनगढ सिंह श्याम तिथनंच पुढं आला.

चित्रकाराचा फायदा भिंतीवर दिसतो. जलरंगाला काच असते, फोकस समोरून मारला की बघणाऱ्याला चित्राऐवजी स्वतःचंच तोंड दिसतं, हे त्याला सांगावं लागत नाही, तो शिडीवर चढून लाइट जरासा वळवतो आणि खाली येतो. लहानमोठी चित्रं शेजारी आली तर वरच्या कडा जुळवत बसत नाही, मध्य एका रेषेत घेतो. शिवाय फी मागत नाही, चहावर भागतं.

आता तोटा. आमच्या एका शोला ज्यानं क्युरेशन केलं त्याचा स्वतःचा पाच फुटी कॅनव्हास आत शिरल्या शिरल्या समोर, आणि माझे तीन लँडस्केप दारामागच्या भिंतीवर, म्हणजे दार उघडलं की चित्र झाकणार आणि शो चालू असताना दार उघडंच असणार ना! बोललो नाही, रोज तोंड बघायचं असतं. तसं डेमियन हर्स्ट या ब्रिटिश कलाकारानंही १९८८ ला लंडनमध्ये 'फ्रीझ' नावाचं प्रदर्शन लावलं तेव्हा विद्यार्थीच होता आणि स्वतःचं कामही त्यात होतं, पण म्हणून बाकीच्यांना कुणी दारामागं नाही टाकलं, त्यातली किती तरी नावं पुढं मोठी झाली.

बाहेरचा क्युरेटर म्हणजे प्रवास, राहणं, मानधन, सगळं वर्गणीतनं. आमच्याकडं आलेला आदल्या संध्याकाळी पोचला, आणि भिंतीवर लावलेला मजकूर असा की माझ्या भावानं दोनदा वाचून विचारलं, हे चित्रांबद्दल आहे का? पण त्यानं माझी नऊपैकी चार चित्रं बाजूला काढली, रंकाळ्याची सगळी, म्हणाला हे तुम्ही सवयीनं काढलंय. लई राग आला होता. घरी नेऊन बघितली, बरोबर होतं त्याचं. हे मला इथलं कुणीच सांगितलं नसतं, भिडेपोटी.

तर पहिलाच शो असेल, पैसे कमी, कामं ठरलेली, तर आपल्यातलाच घ्या. चार-पाच शो एकत्र झालेत आणि सगळे एकमेकांना नुसतं भारी भारी म्हणताय, तर कर्ज काढा पण बाहेरचा आणा. आपल्यातला घेणार असाल तर आधीच विचारा, तुझं चित्र कुठं लावणार? मी ह्या वेळी लावतच नाही म्हणाला तर डोळे झाकून द्या. दारासमोरच्या भिंतीकडं बघायला लागला तर पुण्याला फोन लावा.