पाटणच्या पठारावर फक्त सोलर आणि पवनचक्कीवर घर: तीन पावसाळ्यांनंतरचा रिव्ह्यू

आमचं घर पाटण तालुक्यात, सडावाघापूरच्या बाजूला पठारावर आहे. पावसाळ्यात जिथे धबधब्याचं पाणी वाऱ्याने उलटं वर उडतं ना, तोच वारा आमच्या अंगणात येतो. लाइटचा शेवटचा खांब खाली वाडीत, आमच्यापासून दीड किलोमीटरवर. तिथून खांब ओढायचा खर्च ऐकला आणि ठरवलं की तेवढ्या पैशात आपलीच वीज करू. नोव्हेंबर २०२२ मध्ये सगळं बसवलं, घरात मीटर नाहीच. मी, आमचे हे आणि सासूबाई, तिघं बारा महिने इथेच राहतो, वीकेंडचं फार्महाऊस नाहीये हे. इतके दिवस लिहिलं नाही कारण पावसाळा न काढता लिहिलेला सोलरचा रिव्ह्यू आमच्या भागात काही कामाचा नाही, आता तीन काढलेत.

सामान असं: ५४० वॅटचे सहा पॅनल, म्हणजे सव्वातीन किलोवॅटच्या आसपास, ५ केव्हीएचा ४८ व्होल्टचा इन्व्हर्टर (एमपीपीटी, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी भरणारा चार्जर, आतच), एक किलोवॅटची तीन पात्यांची छोटी पवनचक्की आणि तिचा वेगळा कंट्रोलर, आणि बॅटरी, जी आम्ही मध्येच बदलली, त्याचं पुढे सांगते. बॅटरी बदलण्याचा खर्च धरून सगळे मिळून साडेपाच लाखाच्या थोडे वर गेले.

पॅनलबद्दल तक्रारच नाही. मार्च एप्रिलमध्ये दिवसाला बारा तेरा युनिट येतात, आमचा वापर मोटर धरून सहा युनिटच्या आत, म्हणजे दुपारी बाराला बॅटरी फुल आणि पुढची सगळी वीज वाया. एकच काम, फेब्रुवारी मार्चमध्ये पठारावरचं गवत पेटतं, वणव्याची काजळी पॅनलवर बसते, ती नुसत्या पाण्याने जात नाही, सकाळी पॅनल गार असताना मऊ फडक्याने पुसावी लागते. पुसायच्या आधी आणि नंतरचा आकडा मी मोबाइलवर बघते, फरक लगेच दिसतो.

पण जुलै आला की हेच पॅनल तीन युनिट देतात, आणि धुकं घरात शिरतं तसले दिवस असले तर दीड. आठ आठ दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. आमच्याकडे बरेच जण सोलर लावतात, उन्हाळ्यात खूश असतात आणि जुलैत जनरेटरचं पेट्रोल आणायला खाली जातात. पॅनल दुप्पट केले तरी दीडचे तीन होणार, पोट भरत नाही त्याने.

इथेच पवनचक्कीचं मोल कळतं. जून ते ऑगस्ट ऊन नाही पण वारा रात्रंदिवस, आणि चक्की रात्रीही चालते ही फार मोठी गोष्ट आहे, सकाळी उठावं तर बॅटरी झोपताना होती त्यापेक्षा जास्त भरलेली. जुलैत मी वहीत रोज लिहून ठेवलंय, पाच ते आठ युनिट एकट्या चक्कीचे. बॅटरी फुल झाली की जास्तीची वीज जाळावीच लागते, नाहीतर चक्कीवरचा लोड सुटून ती बेफाम फिरते, म्हणून कंट्रोलर ती वीज एका कॉइलला देतो, आमची कॉइल पाण्याच्या टाकीत सोडलीये. सासूबाईंना भर पावसात आंघोळीला कोमट पाणी मिळतं, त्या रोज न चुकता विचारतात, आज चक्की फिरतेय का गं?

आता जे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं ते. "एक किलोवॅट" हा आकडा सेकंदाला ११ मीटर वाऱ्याचा आहे, म्हणजे ताशी ४० किलोमीटर. वारा निम्मा झाला की वीज निम्मी होत नाही, आठवा भाग होते! साडेपाच मीटरला तीच चक्की सव्वाशे वॅट देते आणि तीनच्या खाली जवळजवळ काहीच नाही. आमची चक्की डिसेंबर ते मार्च दिवसाला अर्धा पाऊण युनिट देते, कधी तेही नाही. त्यामुळे कोणी पुण्यात बंगल्याच्या गच्चीवर लावायची म्हणत असेल तर मी हात जोडून सांगते नका लावू, तेवढ्या पैशात पॅनल वाढवा. चक्की चाळकेवाडी, वनकुसवडे, आमचं पठार असल्या जागांसाठी आहे, जिथे मोठ्या पवनचक्क्या उगाच नाही उभ्या केलेल्या. आणि तिथेही आधी एक पावसाळा वारा मोजा, वाऱ्याचा वेग मोजायचं साधं यंत्र मिळतं.

पहिली चूक झाली ती खांबाची. ज्याने बसवलं त्याने (नाव घेत नाही) वीस फुटी पाइप घराला लागून, सिल्व्हर ओकच्या रांगेच्या आडोशाला उभा केला, वायर कमी लागते म्हणून. आडोशाला वारा भोवरे घालत येतो, चक्की सारखी तोंड फिरवत राहायची, वीज निम्मीसुद्धा नाही, आणि खांब भिंतीला धरून असल्यामुळे रात्री सगळं घर घूं घूं करायचं. सासूबाई पंधरा दिवस नीट झोपल्या नाहीत. फोन केला की "वारा सेट होईल" हे उत्तर, वारा सेट होतो का कधी? शेवटी आम्हीच कराडच्या एका फॅब्रिकेटरकडून चाळीस फुटी खांब करून घेतला, घरापासून शंभर फुटांवर उघड्यावर, चार बाजूंनी ताणाच्या तारा आणि बुडाला बिजागरी, म्हणजे खांब आडवा पाडता येतो. ही बिजागरी नसेल तर घेऊच नका, कारण वर्षातून एकदा पाती, बेअरिंग, नटबोल्ट बघायला चक्की खाली आणावीच लागते आणि चाळीस फुटांवर चढणार कोण. खांब बदलल्यावर त्याच चक्कीची वीज दुपटीहून जास्त झाली.

ब्रेकचं पण सांगते. स्विच टाकला की चक्कीच्या तिन्ही वायरी आपसात शॉर्ट होतात आणि चक्की जड होऊन थांबते. पण वादळ अंगावर आल्यावर, जोरात फिरत असताना ब्रेक मारायचा नाही, वाइंडिंग (चक्कीच्या आतलं तारेचं वेटोळं) जळू शकतं. वादळाचा अंदाज असला की आधी, वारा जरा पडलेला असताना थांबवून ठेवायची. पठारावर वीज पडायची भीती वेगळी, अर्थिंग आणि लाइटनिंग अरेस्टरमध्ये (पडणाऱ्या विजेपासून वाचवणारं उपकरण) एक रुपया वाचवू नका.

बॅटरी पहिल्यांदा चार ट्युब्युलर, म्हणजे शिसाच्या, घेतल्या, १२ व्होल्टच्या, १५० एएचच्या (अँपिअर-अवर). कागदावर ७.२ युनिट, पण निम्म्याखाली उतरवायच्या नाहीत म्हणजे हातात साडेतीन. वर पावसाळ्यात दिवसेंदिवस फुल चार्ज मिळत नाही, अर्धवट चार्जवर राहिली की शिसाची बॅटरी आतून मरते, आमच्या दुसऱ्या पावसाळ्यात गेल्या, दोन वर्षंही नाही झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये लिथियम घेतली, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), १० युनिटची, त्यातले आठ नऊ बिनधास्त वापरता येतात, पाणी घालायचं नाही, अर्धवट चार्जचं दुखणं नाही. महाग आहे पण पहिल्याच दिवशी घेतली असती तर ट्युब्युलरचे पैसे वाचले असते.

सगळ्यात अवघड महिना जुलै नाही, सप्टेंबर. वारा पडलेला आणि ढग हटत नाहीत. तेव्हा बॅटरीवर दोन दिवस निघतात, तिसऱ्या दिवशी फ्रिज बंद करते. छोटा जनरेटर ठेवलाय, लिथियम आल्यापासून तो दोनदाच चालवला.

इन्व्हर्टर स्वतः किती खातो हेही विचारून घ्या, आमचा रिकामा चालू असला तरी पन्नास वॅट घेतो, म्हणजे दिवसाला सव्वा युनिट, आमच्या घरात फ्रिजपेक्षा जास्त! म्हणून बाकी काटकसर, सगळे पंखे बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे (७५ वॅटच्या जागी तीसेक), एक एचपीची मोटर अकरा ते तीनमध्येच, इस्त्री आणि मिक्सर दुपारी, स्वयंपाक गॅसवर. इंडक्शन आणि गीझर नाही, आणि तीन वर्षांत त्यावाचून काही अडलं नाही.

सबसिडीबद्दल, माझ्या नणंदेला एका एजंटने सांगितलं की केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेतून ७८ हजार परत मिळतील. ती योजना ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेल्या सोलरसाठी आहे, आमच्यासारख्या मीटर नसलेल्या घराला नाही. असं कोणी सांगत असेल तर ते पैसे हिशोबात धरू नका.

पाचपैकी द्यायचे तर पॅनलला पाच, लिथियमला पाच, चक्कीला चार (आमच्या जागेवर, तुमच्याकडे वारा नसेल तर एक), आणि बसवणाऱ्याला दोन, तेही वायरिंग चांगलं केलं म्हणून. परवाच्या रविवारी खांब आडवा घेऊन बेअरिंग बघायचंय, गेल्या महिन्यापासून हलका खरखर आवाज येतोय. काय निघालं ते इथेच खाली टाकते.