रविवारचा डेमो, सोमवारचं ऑफिस: वायरलेसच्या नावाखाली आमचे १,८६,५५८ रुपये गेले

"ताई, तुमच्या मागं बाजार भरलाय का? मला तुमचं एक अक्षर कळत नाहीये." धुळ्याच्या एका वयस्कर ग्राहकानं आमच्याकडच्या मुलीला असं सांगितलं आणि फोन ठेवून दिला. त्यांच्या विम्याच्या हप्त्याची मुदत चार दिवसांवर आली होती. तिनं पुन्हा दोनदा लावला, त्यांनी उचललाच नाही. मी तिच्याच मागे उभी होते आणि मी तिलाच बोलले, "जरा सावकाश बोलत जा." त्या दिवशी चूक तिची नव्हती. चूक तिच्या डोक्यावरच्या हेडसेटची आणि छतावर लावलेल्या चार पांढऱ्या डब्यांची होती. ते सगळं मीच पसंत करून, पैसे मोजून आणलं होतं.

नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ तिसऱ्या मजल्यावर आमचं लहानसं ऑफिस आहे. मी आणि माझे दीर मिळून चालवतो. विमा एजंटांच्या वतीनं त्यांच्या ग्राहकांना हप्त्याची आठवण करून द्यायची, कागदपत्रांची चौकशी करायची, हे आमचं काम. २२ जण बसतात, बहुतेक मुली. सगळे फोन लॅपटॉपवरून इंटरनेटनं लागतात. आधीच्या भाडेकरूनं टाकलेल्या जुन्या केबल होत्या आणि पिनेचे वायरवाले हेडसेट होते. टेबलांची मांडणी बदलायची ठरली तेव्हा वाटलं, या वायरी एकदाच्या जाऊ द्यात.

ज्या माणसानं हे काम केलं त्याचं नाव मी इथे देत नाही, कारण अर्ज पोलिसांकडे आहे. तो ओळखीतून आला होता. आमच्या सोसायटीतल्या एकांच्या दुकानात त्यानं कॅमेरे बसवले होते आणि ते व्यवस्थित चालत होते. पहिल्या दिवसापासून मला ताई म्हणायचा. कोटेशन असं होतं: २२ ब्लूटूथ हेडसेट प्रत्येकी ३,८०० रुपये, वाय-फाय ६ चे (नव्या पिढीच्या वाय-फायचे) चार ॲक्सेस पॉइंट, म्हणजे छतावर लावायचे वाय-फायचे डबे, प्रत्येकी ९,५००, त्यांना केबलमधूनच वीज देणारा स्विच १४,५००, कॅट-६ प्रकारची नेटवर्क केबल मजुरीसकट २२,०००. वर १८ टक्के जीएसटी. एकूण १,८६,५५८. दुसऱ्या एका दुकानानं याच कामाचे २,४१,००० सांगितले होते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, एवढा फरक कसा काय पडतो?" मी म्हटलं, दुकानाचं भाडं नाही, माणसं कमी, म्हणून पडत असेल. त्या प्रश्नाचं उत्तर मी त्या माणसाकडून लेखी मागायला हवं होतं.

माल उचलायला त्यानं १,०५,००० आगाऊ मागितले, तेही स्वतःच्या नावावरच्या बचत खात्यात. "फर्मच्या करंट अकाउंटचं काम चालू आहे ताई, बिल फर्मचंच देतो." मी पाठवले. कोटेशनवर कंपनीचं नाव होतं, पण मॉडेल क्रमांक नव्हता, फक्त "वाय-फाय ६, ३००० एमबीपीएस" (हा इंटरनेटच्या वेगाचा आकडा) आणि "कॉलसाठी नॉईज कॅन्सलेशन हेडसेट" इतकंच लिहिलं होतं. मॉडेल क्रमांक नसलेलं कोटेशन म्हणजे कोरा चेक, हे आज कळतं.

बसवायला तो रविवारी आला. "मुलींच्या कामात खोळंबा नको," असं म्हणाला, आणि मला त्याचं कौतुक वाटलं. संध्याकाळी पाचला डेमो. रिकामा हॉल, पंखेसुद्धा बंद. एक हेडसेट त्यानं माझ्या कानावर ठेवला आणि मोबाईलवर रस्त्यावरच्या रहदारीचा आवाज लावला. बटण दाबल्यावर तो आवाज जवळजवळ नाहीसा झाला. "ऐका ताई, किती शांत!" खरंच शांत वाटलं. मग स्वतःच्या फोनवर स्पीड टेस्ट करून दाखवली, आकडा २८० च्या आसपास आला. आमचं कनेक्शन ३०० चं आहे, म्हणजे सगळं छानच. निघताना त्यानं ब्रॉडबँड कंपनीनं दिलेल्या कोपऱ्यातल्या राउटरचं वाय-फाय बंद केलं, म्हणाला दोन्ही सिग्नल एकमेकांना त्रास देतील. मी उरलेले ८१,५५८ रुपये तिथेच पाठवले.

आता कळतं की स्पीड टेस्ट त्यानं त्याच कोपऱ्यातल्या राउटरवर केली होती. नेटवर्कचं नाव त्यानं दोन्हीकडे एकच ठेवलं होतं, त्यामुळे मला फरक दिसणं शक्य नव्हतं. आणि हेडसेटमध्ये जे बंद झालं ते माझ्या कानाला येणारा आवाज. समोरच्याला माझ्या मागचा गोंगाट ऐकू जातो की नाही, हे त्यानं दाखवलंच नाही. ते वेगळं काम आहे आणि ते माइकनं करायचं असतं. डब्यावरची 'एएनसी' (ॲक्टिव्ह नॉईज कॅन्सलेशन) ही अक्षरं फक्त घालणाऱ्याच्या कानापुरती असतात. फोनवर काम करणाऱ्या ऑफिसला गरज असते ती माइक बाजूचा आवाज गाळतो का याची, आणि ते तपासायचा एकच मार्ग आहे: हेडसेट दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर, आजूबाजूला दहा माणसं बोलताहेत, आणि तुम्ही खाली रस्त्यावर जाऊन तिचा फोन घ्यायचा.

सोमवारी साडेदहाला २२ जण कामाला बसले. अकरा वाजेपर्यंत हॉलमध्ये "हॅलो... हॅलो..." याशिवाय काही ऐकू येत नव्हतं. आवाज तुटायचा, मग तीन सेकंदांचं एकदम यायचं. मी त्याला फोन केला, तो म्हणाला नवीन सिस्टीम आहे, दोन दिवसांत सेट होईल. मग म्हणाला फर्मवेअर अपडेट टाकावं लागेल. आठव्या दिवसापासून फोन उचलणं बंद, आणि त्यानंतर माझा नंबर ब्लॉक.

या तीन आठवड्यांत माझ्या हातून जे झालं ते सांगितलंच पाहिजे. आमच्याकडे पूर्ण झालेल्या कॉलवर प्रोत्साहन रक्कम असते. धुळ्याचा फोन जिचा होता, ती मुलगी दर महिन्याला पहिल्या तिघींत असते. तिनं दुसऱ्याच दिवशी सांगितलं होतं, "मॅडम, जुन्या हेडसेटवर माझं एवढं होत नव्हतं." मी ऐकून घेतलं नाही, कारण रविवारी माझ्या स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं ना! त्या महिन्यात तिची रक्कम निम्म्यावर आली. वस्तू वापरणाऱ्या माणसाचा शब्द मी विकणाऱ्याच्या डेमोपेक्षा हलका धरला, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

शेवटी पुण्याहून माझा भाचा आला. नेटवर्किंगचंच काम करतो. त्यानं आधी एका लॅपटॉपवर वाय-फायची माहिती उघडली. 'प्रोटोकॉल' या ओळीत वाय-फाय ६ च्या जागी वाय-फाय ४ होतं, म्हणजे २००९ सालच्या प्रमाणाचं तंत्रज्ञान. बँड, म्हणजे रेडिओ लहरींचा पट्टा, फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ, ५ चा पत्ताच नाही. मग तो स्टुलावर चढला आणि चारही डबे खाली काढले. चारही डब्यांच्या मागच्या स्टिकरवर सीरियल नंबर एकच. "मावशी, हे बघ," एवढंच म्हणाला. स्टिकरवरचा मॅक ॲड्रेस (प्रत्येक नेटवर्क यंत्राचा स्वतःचा ओळख क्रमांक) आणि यंत्राच्या आतल्या सेटिंगच्या पानावरचा मॅक ॲड्रेस वेगवेगळे निघाले. या क्रमांकाची पहिली सहा अक्षरं बनवणाऱ्या कंपनीची असतात. आतला क्रमांक स्टिकरवरच्या कंपनीचा नव्हताच. नामांकित कंपनीचं स्टिकर आणि आत कुणाचं तरी स्वस्तातलं यंत्र.

मग त्यानं मला जे समजावलं ते त्या दुकानदारांपैकी कुणीच सांगितलं नव्हतं. इंटरनेटवरच्या एका फोन कॉलला साधारण ९० केबीपीएस लागतात (हजार केबीपीएस म्हणजे एक एमबीपीएस), म्हणजे आमच्या २२ कॉलना मिळून २ एमबीपीएस. ३००० ची गरज आम्हाला कधीच नव्हती. आणि खऱ्या डब्यावरसुद्धा तो ३००० चा आकडा म्हणजे दोन बँडची बेरीज असते, ५७४ आणि २४०२. एका लॅपटॉपला तो कधी मिळत नाही. बोलण्यासाठी लागतं ते आवाजाचे तुकडे वेळेवर आणि न हरवता पोचणं. एका बाजूनं दीडशे मिलिसेकंदांच्या वर उशीर जाऊ लागला की बोलताना तो जाणवायला लागतो. स्पीड टेस्टचा मोठा आकडा दाखवून आमचं लक्ष नेमकं चुकीच्या ठिकाणी वळवलं गेलं होतं.

२.४ च्या बँडमध्ये आपल्याकडे १३ चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारी तीनच: १, ६ आणि ११. आमची चारही यंत्रं ६ वर ठेवलेली होती. नाशिकच्या सीबीएस बसस्थानकात चार गावांच्या गाड्या एकाच फलाटावर लावल्या तर काय होईल, तसं. त्यात २२ ब्लूटूथ हेडसेट, तेही त्याच २.४ मध्ये. ब्लूटूथ मोकळी जागा शोधत उड्या मारतं खरं, पण मोकळी जागाच शिल्लक नसेल तर जाणार कुठे? शिवाय ब्लूटूथवर गाणं ऐकताना आवाज भरदार येतो, आणि माइक सुरू झाला की तेच हेडसेट बोलण्याच्या साध्या पट्टीवर येतं. डेमो म्हणून गाणं लावून दाखवणाऱ्यापासून म्हणूनच सावध राहा.

केबलही बघितली. ब्लेडनं तार खरवडली तर आत पांढरी: तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. अशा तारेतून यंत्राला वीज पाठवली की लांबच्या टोकाला ती कमी पडते आणि तार तापते. शेवटच्या कोपऱ्यातलं यंत्र दुपारी आपोआप बंद-चालू का व्हायचं, ते तेव्हा कळलं.

हेडसेटच्या डब्यावर बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, आर-नंबर (नोंदणी क्रमांक) छापलेला होता. मोबाईलवरच्या बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाकला तर दुसऱ्याच कंपनीचा चार्जिंग ॲडॉप्टर निघाला. ही तपासणी फुकट आहे, अर्ध्या मिनिटात होते, आणि दुकानात उभं राहून करता येते. मला ते ॲप असतं हेच ठाऊक नव्हतं.

बिलाचं त्याहून वाईट. खूप मागितल्यावर व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली. जीएसटी क्रमांक २७ नं सुरू होणारा, १५ अक्षरांचा, दिसायला बरोबर. आमच्या सीएंना या जीएसटीचं क्रेडिट २बी मध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या खरेदीच्या विवरणात) दिसेना, म्हणून त्यांनी पोर्टलवर क्रमांक शोधला. तो वेगळ्याच नावाचा होता आणि नोंदणी रद्द झालेली होती. म्हणजे २८,४५८ रुपये जीएसटी म्हणून घेतले, ते सरकारपर्यंत गेलेच नाहीत.

ग्राहक आयोगात जाऊ असं वाटलं होतं. वकिलांनी सांगितलं की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक धरला जात नाही. पोट भरण्यापुरता स्वयंरोजगार असेल तर सवलत आहे, पण २२ माणसांच्या ऑफिसला ते लागू होणं अवघड. पोलीस ठाण्यात सुरुवातीला "ही दिवाणी बाब आहे" असंच ऐकलं. एकसारख्या सीरियल नंबरचे फोटो आणि रद्द झालेला जीएसटी क्रमांक समोर ठेवला, तेव्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली, म्हणजे फसवणुकीचा, अर्ज घेतला गेला. पैसे अजून मिळालेले नाहीत.

दरम्यान काम थांबवून चालणार नव्हतं. दुसऱ्या एकानं अमेरिकेतून आलेले रिफर्बिश्ड (वापरलेले, दुरुस्त केलेले) डेक्ट हेडसेट, म्हणजे कॉर्डलेस फोनच्या तंत्रावर चालणारे बिनतारी हेडसेट, अर्ध्या किमतीत देऊ केले. भाच्यानं स्पष्ट नको म्हटलं. अमेरिकेतले ते हेडसेट १९२० ते १९३० मेगाहर्ट्‌झवर चालतात, आणि आपल्याकडे १९२० पासून पुढचा पट्टा मोबाईल कंपन्यांना दिलेला आहे. आपल्या हेडसेटनं त्यांच्या टॉवरला अडथळा झाला तर दूरसंचार विभागाची चौकशी आपल्याच दारात. बिनतारी वस्तू घेताना तिला भारतातली ईटीए, म्हणजे बिनतारी उपकरणाला लागणारी सरकारी मंजुरी आहे का हे विक्रेत्याला विचारावं, आणि उत्तर कागदावर घ्यावं.

शेवटी जे केलं ते फार साधं आहे. जागेवर बसून फोन करणाऱ्या माणसाला बिनतारी हेडसेटची गरजच नसते. आम्ही यूएसबीचे वायरवाले हेडसेट घेतले, माइक तोंडाशी येणारे. चार्जिंगची कटकट नाही, ब्लूटूथची गर्दी नाही. कॉल करणारे लॅपटॉप खऱ्या तांब्याच्या केबलला जोडले. वाय-फाय फक्त मोबाईल आणि पाहुण्यांसाठी, त्याला दोन बँडची दोनच यंत्रं पुरली. ती अधिकृत वितरकाकडून घेतली आणि सीरियल नंबर कंपनीच्या ग्राहक सेवेला सांगून खात्री केल्यावरच बॉक्स उघडले. चाचणी बुधवारी, भर अकरा वाजता, सगळ्या जणी फोनवर असताना केली. तीस टक्के रक्कम आठवडाभर काम नीट चालल्यावर द्यायची, असं कोटेशनवरच लिहून घेतलं. या वेळी हेडसेट निवडायला धुळ्याचा फोन जिचा होता तिलाच बसवलं. तिनं तीन नमुने दोन-दोन दिवस वापरले आणि सगळ्यात महागडा नाकारला, त्याचा माइक खाली घसरतो म्हणून. तिची त्या महिन्याची राहिलेली रक्कम पुढच्या पगारात दिली.

नाशिक परिसरात कुणाकडे अलीकडे असं काम झालं असेल तर आजच एक स्टूल घ्या आणि छतावरच्या यंत्रांचे सीरियल नंबर एकमेकांशी ताडून बघा. सारखे निघाले तर स्टिकर, डबे, बिल, खात्यावरच्या नोंदी, काहीही फेकू नका, आणि त्या माणसाला त्याचा माल परत नेऊ देऊ नका. मला येत्या गुरुवारी पुन्हा पोलीस ठाण्यात बोलावलंय. चारही डबे एका खोक्यात भरून ठेवलेत, सोबत नेणार आहे.