स्ट्रिंगवर थेट इन्स्टन्स की न्यूटाइप?

खानापूरची एक मैत्रीण बेळगावच्या दुकानदारांसाठी हास्केल या प्रोग्रामिंग भाषेत बिलाचा प्रोग्राम लिहितेय. तिचं अडलंय ते इथे: 'छापण्याजोगं' या टाइप क्लासचा (टाइपला, म्हणजे डेटाच्या प्रकाराला, काय करता यावं ते सांगणारा करार) इन्स्टन्स (त्या टाइपसाठी ते कसं करायचं याचा कोड) थेट स्ट्रिंगला, म्हणजे मजकुराच्या टाइपला, द्यावा, की न्यूटाइप (जुन्या टाइपभोवती गुंडाळलेला नव्या नावाचा टाइप) करून त्याला?

लिहायचे कष्ट पाहिले तर थेट इन्स्टन्स सोपा. हास्केल २०१० या भाषेच्या प्रमाण आवृत्तीच्या नियमांत तो बसत नाही, कारण स्ट्रिंग म्हणजे शेवटी अक्षरांची लिस्ट; त्यासाठी फ्लेक्झिबलइन्स्टन्सेस हे एक्स्टेन्शन (नियमांत जादा मोकळीक देणारी सोय) लागतं. जीएचसी या हास्केलच्या कंपायलरमधला जीएचसी२०२१ हा एक्स्टेन्शनचा संच घेतला तर ते आपोआप चालू असतं.

टिकाऊपणात मात्र थेट इन्स्टन्स मार खातो. एका टाइपला एका क्लासचा एकच इन्स्टन्स. तिच्या बिलावर गावाचं नाव मराठी-कन्नड दोन्हींत हवंय, मोबाइल नंबर आहे तसाच. दोन्ही स्ट्रिंगच असतील तर कंपायलरने फरक ओळखायचा कसा? शिवाय उद्या कुणी सरसकट सगळ्या लिस्टसाठी इन्स्टन्स लिहिला, तर स्ट्रिंगला दोन्ही लागू पडतात आणि कंपायलर अडून बसतो. मग ओव्हरलॅपिंगचे प्राग्मा (दोहोंपैकी कुठला घ्यायचा हे कंपायलरला सांगणाऱ्या सूचना) लावत बसा! 'गावनाव' आणि 'फोन' असे दोन न्यूटाइप केले की हा घोळच उरत नाही. गुंडाळणं-उलगडणं वाढतं खरं, पण प्रोग्राम चालताना न्यूटाइपचं वेगळं ओझं नसतं.

सरावाचा छोटा प्रोग्राम असेल, स्ट्रिंगला एकच अर्थ असेल, तर खुशाल थेट लिहावं. गिऱ्हाइकाच्या हातात जाणाऱ्या बिलाला न्यूटाइपच.