महाकाय विषाणूंवर काम करायचंय? आधी यजमान ठरवा

महाकाय विषाणूंवर पीएचडी करायची म्हणून जे विद्यार्थी येतात, ते बहुतेक विषाणूचं नाव ठरवूनच येतात. मिमीव्हायरस, पँडोराव्हायरस... नावंच भुरळ घालणारी आहेत. पण पुढची चार-पाच वर्षं रोज निगा राखायची असते ती यजमान पेशीची, म्हणजे विषाणू जिच्यात वाढतो तिची. म्हणून तुलना यजमानांची करू. मी स्वतः अमिबावाली, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरा.

अकँथामीबा हा अमिबा म्हणजे या क्षेत्राचा जुना घोडा. 1992 साली इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला न्यूमोनियाच्या साथीचा माग काढताना कूलिंग टॉवरच्या पाण्यातल्या अमिबात गोल कण दिसले. जिवाणू ओळखायला वापरतात तो ग्रॅमचा रंग धरतात म्हणून ते जिवाणू समजले गेले. तो विषाणू आहे हे फ्रान्समधल्या मार्सेच्या संशोधकांनी 2003 मध्ये दाखवलं, तोच मिमीव्हायरस. कवच सुमारे 500 नॅनोमीटर, वर तंतूंची झालर, आणि जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, जवळपास 12 लाख बेसजोड्यांचा. हा अमिबा अर्ध्या मायक्रॉनहून मोठं काहीही अन्न समजून गिळतो. विषाणू मोठा असेल तर दार आपोआप उघडतं.

कामाला अमिबा सोपा. संध्याकाळी फ्लास्कमध्ये पाहिलं तर पेशी तळाला चिकटून पसरलेल्या, छद्मपाद काढत सरकणाऱ्या दिसतात. विषाणू टाकून रात्री परत बघावं तर त्या गोल व्हायला लागलेल्या असतात. दुसऱ्या दिवशी तळ रिकामा आणि वरचं द्रव गढूळ. साध्या मायक्रोस्कोपखालीही त्यात बारीक ठिपके थरथरताना दिसतात. विषाणू असे डोळ्यांनी दिसण्याचं सुख या क्षेत्राबाहेर क्वचितच मिळतं.

त्रासही आहेच. उपासमार झाली की अमिबा दुहेरी भिंतीचा कोष करून बसतो आणि मग मिमीव्हायरसला आत शिरता येत नाही. एकदा सलग तीन आठवडे माझ्याकडे संसर्गच होईना. मी विषाणूच्या साठ्याला दोष देत बसले. प्रत्यक्षात माध्यम जुनं झालं होतं आणि निम्म्या पेशी कोषात गेल्या होत्या. शिवाय हा अमिबा डोळ्याच्या बुबुळाला संसर्ग करू शकतो, तेव्हा कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी जास्तच जपावं.

खरी अडचण मात्र वेगळी. अमिबाचा गळ टाकला की अमिबाला लागणारेच मासे मिळणार. 2013 मध्ये जाहीर झालेले दोन पँडोराव्हायरस, एक चिलीच्या किनाऱ्याजवळच्या गाळातला आणि दुसरा मेलबर्नजवळच्या तळ्यातला, दोन्ही अकँथामीबातच वाढवले. सायबेरियाच्या 30,000 वर्षं गोठलेल्या मातीतला पिथोव्हायरसही तसाच. निसर्गात ते कुणात राहतात, हे यावरून कळत नाही; कुणात राहू शकतात एवढंच कळतं. पेशीच्या आत विषाणूचा कारखाना कसा उभा राहतो हा तुमचा प्रश्न असेल तर अमिबा उत्तम. निसर्गात कोण कुणाला मारतं हा असेल, तर हा साक्षीदार कच्चा.

मोजमाप करायचं असेल तर क्लोरेला हे हिरवं शैवाल घ्या. नेब्रास्का विद्यापीठात जेम्स व्हॅन एटन यांनी ज्याच्यावर दशकानुदशकं काम केलं तो पीबीसीव्ही-1 हा विषाणू त्याला सहा ते आठ तासांत फोडतो. आगरवर शैवालाची हिरवळ उगवते, तिच्यात स्वच्छ भोकं पडतात, ती मोजायची. झालं. हा सल्ला दिला की पोरं हिरमुसतात, कारण हा विषाणू जेमतेम 190 नॅनोमीटरचा, जीनोम 3.3 लाख बेसजोड्यांचा. पण त्याच्याकडे फक्त 94 अमिनो आम्लांचा पोटॅशियम चॅनेल, म्हणजे पोटॅशियमला पटलातून वाट देणारं प्रथिन, आहे, आणि त्या एकावर कित्येकांची करिअर झाली. निसर्गात हा क्लोरेला पॅरामिशियम या एकपेशीय जीवाच्या पोटात सुखरूप राहतो. तिथे विषाणू पोहोचत नाही, पॅरामिशियमला कुणी खाल्लं की मगच संधी मिळते. पर्यावरणाचा प्रश्नही इथे दडलेला आहे, फक्त तो विचारणारे कमी.

समुद्र आणि कार्बनचक्र हा ओढा असेल तर एमिलियानिया हक्सलेयी. चुनखडीच्या चकत्या अंगावर मिरवणारं हे शैवाल बहरलं की उपग्रहातून समुद्र दुधाळ निळा दिसतो, आणि तो बहर संपवण्यात विषाणूंचा मोठा वाटा असतो. ईएचव्ही-86 हा विषाणू 1999 मध्ये इंग्लिश खाडीतल्या अशाच बहरातून मिळाला. त्याच्या जीनोममध्ये स्फिंगोलिपिड बनवणारी जनुकं आहेत आणि ही मेदद्रव्यं यजमानाच्या पेशीला मरणाकडे ढकलतात. यजमानही बेरकी आहे: त्याचं गुणसूत्रांचा एकच संच असलेलं, बिनचकत्यांचं रूप या विषाणूला दादच देत नाही. पण प्रकाश-अंधाराचं वेळापत्रक, थंड खोली, समुद्राच्या पाण्याचं माध्यम हे सगळं लागतं. अमिबासारखा रात्रीत निकाल मिळत नाही. धीर नसेल तर या वाटेला जाऊ नका.

विषाणूवरचा विषाणू, म्हणजे व्हायरोफेज, हाच विषय असेल तर कॅफेटेरिया हा चाबकासारख्या शेपटीने पोहणारा इवलासा जीव बघा. त्याच्या जीनोममध्ये माव्हायरस हा व्हायरोफेज लपून बसतो आणि क्रोव्ही हा महाकाय विषाणू आला की जागा होतो, हे 2016 मध्ये दिसलं. मात्र कॅफेटेरियाला जिवाणू खायला घालावे लागतात.

राहिला तो पेशीच न वाढवण्याचा मार्ग: पाण्यातला डीएनए वाचून जीनोम जुळवायचे. पूर्वी विषाणू शोधताना पाणी 0.2 मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळत आणि महाकाय विषाणू वरच अडकून फेकले जात. 2020 मध्ये एकाच अभ्यासातून 2,074 जीनोम जुळवले गेले. संगणकावर हात बसला असेल तर हा रस्ता मोहाचा. पण यजमान कोण याचं उत्तर बहुतेक वेळा अंदाजाचंच, विषाणूने यजमानाकडून उसन्या घेतलेल्या जनुकांवरून लावलेलं. 2024 मध्ये यावर एक छान तोड निघाली. नॉर्वेतल्या बर्गनजवळच्या फ्योर्डमध्ये, म्हणजे समुद्राच्या अरुंद खाडीत, सोडलेल्या मोठ्या पिशव्यांतल्या पाण्यातून एकेक पेशी वेगळी करून तिचा आरएनए वाचला, तेव्हा यजमान आणि विषाणू एकाच पेशीत रंगेहाथ सापडले. यंत्रसामग्री आणि पैसा हाताशी असेल तर आज मी हेच निवडेन, अमिबावाली असूनही.

नसेल तर गाईडला भेटाल तेव्हा विषाणूबद्दल नंतर विचारा. प्रयोगशाळेत सध्या कोणता यजमान जिवंत आहे, आणि तो शेवटचा कधी मेला होता, हे आधी विचारा.