आयपॉड व्हिडिओ: चाक ठेवा, पोटातलं बदला

ॲपलचा जुना म्युझिक प्लेअर, पाचव्या पिढीचा आयपॉड, म्हणजे लोक ज्याला आयपॉड व्हिडिओ म्हणतात तो, आज घ्यावा का? घ्यावा, पण त्याच्या आवाजाची जी ख्याती आहे तिच्यासाठी नव्हे. बोटाखालचं चाक आणि घरच्या घरी उघडता येणारी पेटी, या दोन गोष्टींसाठी घ्यावा. आहे तसाच वापरायचा बेत असेल तर मात्र नाद सोडावा. त्यातली हार्ड डिस्क आणि बॅटरी दोन्ही म्हाताऱ्या झालेल्या असतात आणि त्या बदलल्याशिवाय हे यंत्र नीट चालत नाही.

आधी ओळख पटवून घ्या, कारण विकणारे पाचवा, साडेपाचवा आणि नंतर आलेला आयपॉड क्लासिक यांची सरमिसळ करतात. मागच्या स्टीलवर बारीक अक्षरात ए११३६ असेल तर तो पाचव्या पिढीचा. ए१२३८ असेल तर क्लासिक. पाचवा ऑक्टोबर २००५ मध्ये ३० आणि ६० जीबीत आला. सप्टेंबर २००६ मध्ये त्याचीच सुधारलेली आवृत्ती ३० आणि ८० जीबीत आली. तिलाच सगळे साडेपाच म्हणतात. तिचा पडदा जास्त उजळ आहे आणि म्युझिकच्या मेन्यूत ‘सर्च’ हा पर्याय मिळतो. सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्ये मॉडेल क्रमांक दिसतो: एमए४४४ आणि एमए४४६ म्हणजे साडेपाचचे ३० जीबी, एमए४४८ आणि एमए४५० म्हणजे ८० जीबी. मागचं झाकण कोणी बदललं असेल तर त्यावर कोरलेल्या जीबीच्या आकड्याला काही अर्थ नाही. ‘अबाउट’वरच विश्वास ठेवा.

३० आणि ६०-८० यांतला खरा फरक जीबीचा नाही, रॅमचा आणि जाडीचा आहे. ३० जीबीत ३२ एमबी रॅम आणि ११ मिमी जाडी; ६० आणि ८० जीबीत ६४ एमबी रॅम आणि १४ मिमी जाडी. ॲपलचं मूळ सॉफ्टवेअर गाण्यांची सगळी यादी रॅममध्ये धरतं, त्यामुळे ३२ एमबीवाला साधारण २०,००० गाण्यांनंतर अडखळतो, ६४ एमबीवाला ५०,००० च्या आसपास. जागा कितीही वाढवली तरी ही भिंत हलत नाही. म्हणून संग्रह मोठा असेल तर ६० किंवा ८० जीबीचंच मॉडेल शोधा. त्याच्या जाड पाठीत मोठी बॅटरी मावते, हा वरचा फायदा.

क्लासिक का नको? त्याचा पुढचा भाग ॲल्युमिनियमचा आहे. उघडताना कडा वाकतात, आतल्या खाचा पिरगळतात आणि परत बसवल्यावर फट राहते. शिवाय २००७ आणि २००८ च्या क्लासिकला डिस्कच्या जागी बसवलेल्या मेमरी कार्डाचं १२८ जीबीपलीकडचं दिसतच नाही. ती अडचण २००९ च्या पातळ १६० जीबी मॉडेलमध्ये सुटली. ज्याच्याकडे हा २००९ चा आहे त्याने तो खुशाल वापरावा. नव्याने शोधणाऱ्याने पाचव्याकडे वळावं.

जुना आयपॉड पारखताना लोक डिस्कचा आवाज ऐकत बसतात. ते कमी महत्त्वाचं. डिस्क कटकट करत असेल तर उलट चांगलं: किंमत उतरते आणि डिस्क तशीही काढायचीच आहे. बारकाईने पाहायचं ते चाक, हेडफोनचं जॅक, होल्डचं बटण, खालचं ३० पिनांचं सॉकेट आणि पडदा. पडद्यावर पांढरट ठिपका किंवा डाग दिसला तर आतली बॅटरी फुगून मागून दाब देत असण्याची शक्यता असते. सगळं एका जागी तपासायचं तर मेन्यू आणि मधलं बटण सहा-आठ सेकंद दाबून धरा. ॲपलचं चिन्ह आलं की लगेच मधलं बटण आणि मागच्या गाण्याचं बटण एकत्र धरा. डायग्नोस्टिकचा पडदा उघडतो. तिथे चाकाची आणि बटणांची चाचणी होते, आणि आयओच्या मेन्यूत हार्ड ड्राइव्हखाली स्मार्ट डेटाही (डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद) दिसतो. त्यात ‘रिअलॉक्स’ आणि ‘पेंडिंग सेक्टर्स’, म्हणजे डिस्कवरच्या खराब आणि संशयित जागांचे आकडे, शून्य नसतील तर तो आकडा विकणाऱ्याला दाखवायला उपयोगी पडतो.

उघडायला प्लास्टिकची पातळ पट्टी लागते. स्क्रू ड्रायव्हर घातलात तर स्टीलच्या कडेला कायमचा पोचा पडलाच म्हणून समजा. सर्वांत आधी होल्ड चालू करा, म्हणजे मध्येच यंत्र जागं होणार नाही. बाजूच्या फटीत पट्टी सरकवून खाचा एकेक सोडवायच्या. शेवटची खाच सुटली की दोन भाग ओढून वेगळे करायचे नाहीत, पुस्तकासारखे अलगद उघडायचे. बॅटरी पाठीला चिकटलेली असते आणि तिची नारिंगी रिबन बोर्डात असते, जेमतेम लांबीची. त्या कनेक्टरची तपकिरी दांडी नखाने दोनेक मिलिमीटर वर उचलली की रिबन आपसूक सुटते. ती दांडी उपटली तर बोर्ड दुरुस्तीला पाठवावा लागतो, आणि या कामात सर्वाधिक आयपॉड इथेच मरतात. हेडफोन जॅक आणि होल्डची रिबनही पाठीलाच जोडलेली आहे, तिचंही तसंच. डिस्कच्या रिबनची काळी पट्टी मात्र वर ओढायची नसून दरवाजासारखी उभी करायची असते.

डिस्कच्या जागी मेमरी कार्डाचा अडॅप्टर बसतो. आयफ्लॅश हे नाव यात सगळ्यांना माहीत आहे: ‘सोलो’ एक एसडी कार्ड घेतो, ‘क्वाड’ चार मायक्रोएसडी. चार कार्डांची बहुतेकांना गरज नसते. फ्लॅक, म्हणजे दर्जा न घटवता लहान केलेली गाण्याची फाइल, मिनिटाला सरासरी ६ एमबी घेते, म्हणजे २५६ जीबीच्या एका कार्डावर जवळपास ७०० तास मावतात. चार कार्डं म्हणजे बिघडू शकणाऱ्या चार जागा, आणि एक गेलं की सगळाच संग्रह गेला. एकच चांगलं कार्ड घ्यावं.

कार्ड बसवण्याआधी तपासून घ्या. खोट्या कार्डांवर २५६ छापलेलं असतं आणि आत ३२ निघतात. सुरुवातीची गाणी नीट वाजतात, मग फाइली कोऱ्या होऊ लागतात. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्स किंवा मॅकवर एफ३ हे कार्ड काठोकाठ भरून परत वाचतात. वेळ लागतो, पण हे टाळू नका. रिस्टोअर करताना, म्हणजे मूळ सॉफ्टवेअर नव्याने चढवताना, आयट्यून्स हा ॲपलचा संगणकावरचा प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा एरर देत असेल तर संशयाचा क्रम असा ठेवा: आधी रिबन वाकडी बसली आहे का, मग कार्ड, मग यूएसबी केबल, आणि सर्वांत शेवटी अडॅप्टर. डिस्क गेल्याने आत जी पोकळी होते तिच्यात जुन्या डिस्कचे निळे रबरी आधार किंवा फोमचा तुकडा भरा, नाहीतर अडॅप्टर खुळखुळतो आणि कधीतरी रिबन सैल होते.

कार्डामुळे वीजही वाचते. मूळ डिस्क सतत फिरत नाही. ती रॅम भरून घेते आणि थांबते. २५६ केबीपीएसचं एमपी३ मिनिटाला सुमारे १.९ एमबी खातं, म्हणून ३२ एमबीत साधारण पंधरा मिनिटांचं संगीत राहतं. फ्लॅक असेल तर पाचच मिनिटांत डिस्क पुन्हा उठते. सतत गाणी पुढे ढकलणाऱ्याची बॅटरी लवकर का संपते, त्याचं उत्तर यातच आहे. कार्डाला फिरणं नाही, त्यामुळे हा खर्चच उरत नाही.

बॅटरीबाबत छापील आकड्यांवर जाऊ नका. ॲपलने ३० जीबीला १४ तास आणि ६०-८० ला २० तास सांगितले होते. कार्ड आणि मूळ मापाची ताजी बॅटरी असेल तर यापेक्षा जास्तच मिळतात. जाड पाठीत डिस्कची जागाही मोकळी झाल्यावर २,००० एमएएच आणि त्याहून मोठ्या बॅटऱ्या बसवतात. मोह समजतो, पण त्याची दुसरी बाजू चार्जिंगची आहे. ५०० मिलिअँपिअरच्या पोर्टवर २,००० एमएएच भरायला हिशेबाने चार तास आणि प्रत्यक्षात पाच-सहा लागतात. मूळ सॉफ्टवेअरचा बॅटरीचा निर्देशक लहान बॅटरीसाठी जुळवलेला आहे, तो मोठीला खोटं दाखवतो. रॉकबॉक्स या पर्यायी सॉफ्टवेअरमध्ये निदान बॅटरीची क्षमता स्वतः भरता येते. जुनी बॅटरी गोंदातून काढताना धातूचं काही वापरू नका आणि ती दुमडू नका.

आता सॉफ्टवेअर. आयट्यून्सशी भांडण नसेल तर मूळ सॉफ्टवेअर अजूनही सुटसुटीत आहे. फ्लॅक वाजत नाही, पण एएलएसी हा ॲपलचा तसाच फाइल-प्रकार वाजतो, आणि फ्लॅकचं एएलएसी करताना एक बिटही हरवत नाही. इक्वलायझरला मात्र हात लावू नये: ‘बास बूस्टर’ लावला की जोरकस रेकॉर्डिंगचा आवाज फाटतो, कारण उचललेल्या खर्जासाठी वर जागाच सोडलेली नाही. रॉकबॉक्सच्या इक्वलायझरमध्ये ‘प्रीकट’, म्हणजे आवाज आधीच खाली आणायची सोय, आहे. जेवढे डेसिबल उचलाल तेवढा प्रीकट द्या, प्रश्न मिटला.

रॉकबॉक्स हे मुक्त सॉफ्टवेअर रॉकबॉक्स युटिलिटीमधून पाच मिनिटांत चढतं, एका अटीवर: आयपॉड विंडोजवर रिस्टोअर केलेला हवा. मॅकवर केला तर डिस्कची मांडणी मॅकच्या एचएफएस प्लस पद्धतीची होते आणि रॉकबॉक्सला फक्त विंडोजवरची फॅट३२ पद्धत समजते. मूळ सॉफ्टवेअर जात नाही. सुरू होताना लगेच होल्ड सरकवला की तेच उघडतं. गाणी फोल्डरसकट सरळ ओढून टाकायची. मग डेटाबेसचं ‘इनिशिअलाइझ’ एकदा करायचं आणि नवी भर पडली की ‘अपडेट’. गाण्यागणिक आवाज कमीजास्त होत असेल तर संगणकावर रिप्लेगेनचे टॅग, म्हणजे गाणं किती मोठ्याने वाजवायचं ते सांगणाऱ्या फाइलीतल्या नोंदी, घालून घ्या. अल्बम सलग ऐकणाऱ्याने ‘अल्बम गेन’ निवडावा, नाहीतर हळू असायला हवं ते गाणंही शेजाऱ्याच्या बरोबरीने ओरडतं.

मुखपृष्ठाचं चित्र दिसत नाही ही नेहमीची तक्रार. कारण बहुधा एकच: चित्र प्रोग्रेसिव्ह जेपीईजी असतं आणि रॉकबॉक्सला साधं बेसलाइन जेपीईजीच कळतं. पडदा ३२० बाय २४० चा आहे, तेव्हा ३०० पिक्सेलच्या चौकोनात बेसलाइन करून फोल्डरमध्ये ‘कव्हर’ नावाने ठेवा. टॅग देवनागरीत असतील तर देवनागरी असलेला फॉन्ट टाकूनही जोडाक्षरं जुळत नाहीत, शब्द विस्कटून दिसतात. रोमन टॅगांची वेगळी प्रत ठेवणं हाच सध्या इलाज.

आवाजाचं काय? आत वुल्फसनची डब्ल्यूएम८७५८ ही चिप आहे आणि तिच्यावर लोक भक्तीने बोलतात. चिप चांगलीच आहे. पण हेडफोनच्या वाटेवर कपॅसिटर आहेत, आणि कपॅसिटर व हेडफोनचा रोध मिळून खालचे सूर कापणारा फिल्टर तयार होतो. गणित सोपं आहे: १०० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरपुढे १६ ओहमचा इयरफोन असेल तर १०० हर्ट्झलाच ३ डेसिबलची घट, ६४ ओहमचा असेल तर तीच घट २५ हर्ट्झपर्यंत खाली जाते. म्हणजे ज्याला काहींनी ‘मोकळा, हवेशीर’ आवाज म्हटलं, तो बऱ्याचदा कमी झालेला खर्ज असतो. कमी रोधाच्या इयरफोनऐवजी ३२ ओहम किंवा त्याहून जास्तीचे वापरा, नाहीतर ३० पिनांच्या सॉकेटमधून लाइन आउट (अँप्लिफायरला द्यायचा सरळ सिग्नल) काढून वेगळा अँप्लिफायर लावा. लाइन आउटची पातळी स्थिर असते, चाकाने ती बदलत नाही. आवाज अँप्लिफायरवरच कमीजास्त करायचा.

ब्लूटूथ नाही, वायफाय नाही. जॅकमध्ये खोचायचे ट्रान्समीटर मिळतात, पण तेही चार्ज करावे लागतात आणि खिशात लोंबत राहतात. स्ट्रीमिंगवरच ऐकणाऱ्याने अँड्रॉइडवर चालणारा नवा प्लेअर घ्यावा. त्याच्याकडे कार्डाची जागा आणि यूएसबी-सी असतं. मात्र पडद्याकडे न पाहता, खिशातच, हजारो नावांच्या यादीतून हव्या गाण्यापाशी थांबणं टचस्क्रीनवर जमत नाही. चाक जोरात फिरवलं की यादी वेग घेते, हळू केलं की एकेका नावावर येते. ओल्या बोटांना आणि हातमोज्यांना ते दाद देत नाही, एवढं धरून चाला. दुरुस्तीनंतर चाक अचानक मेलं तर नवं मागवण्याआधी पेटी पुन्हा उघडा. बहुतेक वेळा त्याची रिबन अर्धवट बसलेली असते.

रोजच्या वापरात गाणी हरवण्याचं सर्वांत मोठं कारण म्हणजे ‘इजेक्ट’ न करता ओढलेली केबल. फॅट३२ अशा वेळी अर्धवट लिहिलेली नोंद तशीच सोडतं. मग फोल्डर दिसतं पण रिकामं असतं. विंडोजवर चेकडिस्क चालवलं तर बरंच परत येतं. नुसतं चार्ज करायचं असेल तर रॉकबॉक्समध्ये एखादं बटण दाबून धरून केबल लावा, म्हणजे ते डिस्क म्हणून जोडलंच जात नाही आणि गाणंही चालू राहतं.